खिडकीचा खर्च भिंतीत असतो

नवरात्र जवळ आले की आमच्या टिळकवाडीत सुतार, रंगारी आणि अ‍ॅल्युमिनियमवाले यांच्या गाड्या गल्लोगल्ली दिसू लागतात. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि तो ओसरला की कोणाच्या खिडकीचे काय झाले ते कळते. गेल्या वर्षी आमच्याही घरी हाच विषय होता. मामंजींनी बांधलेले घर, सागवानी चौकटींच्या अकरा खिडक्या. पश्चिमेच्या तीन खिडक्यांच्या झडपा इतक्या फुगल्या होत्या की सासूबाईंना ओढून कडी लावता येईना. सगळ्याच बदलायच्या, आणि पैसे मामंजींच्या मुदत ठेवीतून काढायचे, असे घरात जवळजवळ ठरले होते.

तिघांकडून अंदाज मागवले. तिन्ही कागदांवर स्क्वेअर फुटाचा भाव ठळक आणि बाकी सगळे मोघम. पण खोदून विचारल्यावर सर्वांत स्वस्त कागदच सर्वांत महाग निघाला.

पहिली गोष्ट मापाची. कित्येक ठिकाणी माप पुढच्या अर्ध्या फुटापर्यंत वाढवून धरतात. पावणेचार फूट बाय पावणेचार फूट खिडकी म्हणजे साधारण १४ चौरस फूट, पण बिलात चार बाय चार म्हणजे १६ लागतात. भाव तोच, खर्च मात्र जवळजवळ १४ टक्के जास्त. वर १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, तेही विचारावे लागते.

खरा खर्च असतो जुनी चौकट काढण्यात. चौकटीचे लोखंडी कान भिंतीत पुरलेले असतात. ते उपटले की आतबाहेरचा गिलावा फुटतो, खालची फरशी हलते. मग गवंडी आला, वरच्या मजल्याला परांची आली, आणि नव्या गिलाव्याचा ठिगळ जुन्या रंगात दिसतो म्हणून अख्खी भिंत रंगवणे आले. शिवाय जुन्या खिडकीचे गज चौकटीतच बसवलेले. चौकट गेली की गज गेले, म्हणजे ग्रिल नवे, आणि त्याचे पैसे वेगळे. यातले काहीही त्या स्वस्त कागदावर नव्हते. उलट ‘जुने लाकूड आम्हीच नेतो’ असे उपकार केल्यासारखे लिहिले होते! मुरलेल्या सागवानाला सुताराकडे चांगली किंमत येते. ती बिलातून वजा व्हायला हवी.

जुन्या चौकटीतच नवी बसवली तर भिंत वाचते. पण उजेड चारी बाजूंनी कमी होतो, आणि लहान खिडकीत ते जाणवते.

आता प्रकार. स्लायडिंग स्वस्त पडते, पण ती एका वेळी अर्धीच उघडते. १६ चौरस फुटांचे पैसे देऊन वारा ८ फुटांचाच. मच्छरजाळीसाठी तिसरा ट्रॅक लागतो, तो पुन्हा महाग. आणि ट्रॅकला पाणी बाहेर जाण्याची भोके नीट नसतील, तर आमच्यासारख्या पावसात ते पाणी घरातच येते. पश्चिमेला म्हणून मी बाहेर उघडणारी, रबराची कडा असलेली खिडकीच घेईन, महाग असली तरी. काचेचे वजनही ध्यानात ठेवा: ५ मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. दुहेरी काच घेतली की वजन दुप्पट, आणि बिजागऱ्याही तशाच भक्कम लागतात. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. मापात चूक झाली तर नवीच मागवावी लागते, तेव्हा ती कोणाच्या खर्चाने हे आधी ठरवा. गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही.

शेवटी आमच्या जुन्या सुतारमामांना बोलावले. त्यांनी पेचकस घेऊन प्रत्येक चौकट खालच्या कोपऱ्यात टोचून पाहिली. पाणी साचते तिथेच लाकूड कुजते, वरचे बहुधा ठणठणीत असते. आठ चौकटींत पेचकस शिरलाच नाही. त्यांच्या झडपांना रंधा, नव्या बिजागऱ्या आणि तेलपाणी एवढेच करायचे ठरले. पश्चिमेच्या तिघींपैकी एकीच्या पायाला नव्या सागवानाचा जोड पुरला. म्हणजे बदलायच्या राहिल्या दोनच! मुदत ठेव मोडावी लागली नाही. मामंजींनी हे कागद दोनदा तपासले आणि काही न बोलता कपाटात ठेवले.

रंधा मारायचे काम मात्र दिवाळीनंतर, लाकूड पुरते सुकल्यावरच काढा. ओल्या, फुगलेल्या झडपेला रंधा मारला तर उन्हाळ्यात तिथे बोटभर फट पडते.