किलोचा भाव आणि 'ओरिजिनल'चा भाव

तर मंडळी, गेले तीन वीकेंड मी पुण्याहून लातूरला कशाला पळतोय, हे ऑफिसातले सगळे विचारतायत. मुलगी बघायला नाही. ट्रक मोजायला!

ट्रक माझ्या मामांचा. टाटा १२१०, आरसीवर साल १९७८. (१२१० म्हणजे माल भरून साधारण १२ टन वजन आणि १०० च्या आसपास अश्वशक्ती. मलाही हे नंतर कळलं.) लातूरची तूरडाळ नांदेडला टाकायची आणि परतीला मिळेल ते भाडं घ्यायचं, असा अहमदपूर-लोहा रस्त्यावर मामांचा जन्म गेला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा याच ट्रकमधून ते पत्रे आणि धान्य घेऊन गेले होते. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात ही गोष्ट दर दिवाळीला होतेच.

मामा गेल्या वर्षी गेले. ट्रक तर त्याआधी बारा वर्षांपासून शेडमध्ये उभा. इंजिन जाम, चासी गंजलेली. आता मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. भंगारवाला येऊन बघून गेला. किलोला तीस रुपये, साडेचार टन, म्हणजे एक लाख पस्तीस हजार. मामेभाऊ म्हणाला, देऊन टाकू. मी म्हटलं, दादा, थांब. जुन्या गाड्यांचे ओरिजिनल पार्ट शोधत लोक फिरतात. मला एक महिना दे.

आणि मग मी इंजिनियरसारखा वागलो. म्हणजे एक्सेल शीट काढली.

पहिला धडा लगेच मिळाला. 'ओरिजिनल' ट्रक म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे पूर्वी ट्रक सहसा पूर्ण यायचाच नाही. कंपनी चासी द्यायची, फार तर पुढचा चेहरा द्यायची. केबिन आणि मागची बॉडी गावातले सुतार-लोहार बांधायचे. मामांच्या ट्रकची सागवानी केबिन आणि नक्षीचा फाळका लातूरच्याच कारागिरांनी केलेला. शौकीन लोकांना जाळी पाहिजे, बोनेट पाहिजे, डॅशबोर्डावरचं मीटर पाहिजे. फाळका कुणालाच नको. म्हणजे ज्या कामात माणसाचा हात सगळ्यात जास्त लागला त्याची किंमत शून्य. असो.

दुसरा धडा जाळीवरच्या चांदणीनं दिला. होय, मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. पुण्याच्या एका गिऱ्हाईकानं फोटो बघूनच असा आकडा सांगितला की दादा खुर्चीतून उठला. पण मला शंका आली. टेल्को आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा. तो १९६९ मध्ये संपला आणि त्यानंतर चांदणी जाऊन टाटांचा 'टी' आला. मग १९७८ च्या ट्रकवर चांदणी कशी? मामींना विचारलं तर त्या हसल्या. मामांनी ती एका जुन्या गाडीवरून काढून हौसेनं लावली होती! म्हणजे चांदणी खरी, पण ट्रक तिचा नाही.

तिसरा धडा डिझेल पंपाचा. पंपावर 'माइको'चा शिक्का. माइकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, म्हणजे पंप त्याआधीचा, एवढं मी शोधून काढलं आणि शीटमध्ये 'ओरिजिनल' लिहून मोकळा झालो. नंतर नांदेडहून मिस्त्रीचाचांना आणलं. मामांचं गाडीचं काम आयुष्यभर त्यांनीच केलं. चाचांनी पंप बघितला आणि म्हणाले, "भैया, बॉडी कंपनीची हाय. आतले एलिमेंट मीच दोनदा बदलले."

आता हे एलिमेंट म्हणजे पंपाचं काळीज. दट्ट्या आणि त्याची नळी एकमेकांना घासून जोडीनंच बनवतात, इतकी बारीक फट असते. ते बदललं की वरून पंप तोच दिसतो, आतून वेगळा. चांदणीच्या बरोबर उलटा प्रकार. पंप याच ट्रकचा, पण ओरिजिनल नाही.

दादाचं म्हणणं, "तुला कुणी विचारलंय का? शिक्का आहे ना? मग झालं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन त्याच्या आईचं आहे, माझ्या एक्सेलचं नाही. आम्ही दोघं मामींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तुझे मामा काट्यावर वजन करून पावती घेतल्याशिवाय माल हलवायचे नाहीत. आता त्यांच्या गाडीची खोटी पावती फाडू नका, बाळांनो." विषय संपला.

चांदणी आणि पंप, दोन्हींची खरी हकीकत गिऱ्हाईकाला सांगितली. पंप त्यानं सोडला. चांदणी घेतली, पण निम्म्या भावात.

तर माझं मत असं. जुन्या पार्टची खालची किंमत भंगाराचा काटा ठरवतो आणि वरची किंमत समोरच्याची गरज. मधलं सगळं अंतर म्हणजे त्या पार्टबद्दल तुम्ही खरं काय सांगू शकता, ते. म्हणून आधी यादी करा, भाव नंतर. प्रत्येक पार्टला चिठ्ठी बांधा: कंपनीचा, दुरुस्त केलेला, किंवा माहीत नाही. 'माहीत नाही' लिहायला लाजू नका.

मग तीन ढीग करा. दाखवायच्या वस्तू म्हणजे जाळी, मीटर, बोनेट. त्या शौकिनांना द्या, पण रंग देऊ नका, घासूही नका. चालवायच्या वस्तू म्हणजे गिअरबॉक्स, हाऊसिंग. त्या ज्याची गाडी अडलीय त्याला द्या. आमचा गिअरबॉक्स चाचांच्या ओळखीच्या टँकरवाल्यानं नेला आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला. तिसरा ढीग वितळवायचा. ब्रेकचे पार्ट, कडक झालेले रबरी सील, स्टिअरिंगचे सांधे. हे कितीही ओरिजिनल असले तरी विकू नका. तिथं जुनं म्हणजे फक्त जुनं.

आणि कागद! गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही पाना हातात घ्यायच्या आधी ते काम सुरू केलं. एक जण फक्त चासी नंबरची पट्टी मागत होता, वर "सांगाल तेवढे" म्हणाला. अशा पट्टीवर चोरीची गाडी उभी राहू शकते. ती पट्टी आणि इंजिन नंबरचा ब्लॉक सांगाड्याबरोबर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जाणार. त्या केंद्रांचे नियम २०२१ पासून आहेत.

काही जण म्हणतील, अख्खा ट्रक जपायला हवा होता. चालता असता तर मीही भांडलो असतो. हरियाणात तावडूला २०१३ पासून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, तसं आपल्या मराठवाड्यात काही असतं तर नेऊन उभा केला असता. सरकारचे २०२१ चे विंटेज नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. आमच्या ट्रकची पन्नाशी २०२८ मध्ये, आणि चाकं सहा! शेडमध्ये गंजत ठेवणं म्हणजे काही जपणं नाही.

हिशेब सांगतो. आजपर्यंत पार्टचे एक लाख दहा हजार आलेत, उरलेल्या सांगाड्याचे येतील ते वेगळे. माझं लातूरचं येणं-जाणं वजा करून भंगारवाल्यापेक्षा जास्तच होतील, पण दादाला मी जो आकडा बोललो होतो त्याच्या निम्मेच. तेवढं माझं चुकलं. आधी आकडा बोलायला नको होता.

फाळका मात्र कुणी नेला नाही. मामींनी तो घासून-पुसून अंगणात ठेवलाय, आणि त्यावर सध्या पापड वाळतात.