हवेला जात नसते म्हणे!

हवेला जात नसते, असे काही पर्यावरणवादी मित्र आम्हाला समजावतात. हवेला नसेल, वस्तीला असते. गावात अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेलाच हवी, कारण ती दिशा अशुभ, हा नियम बाबासाहेबांनी नोंदवून ठेवला आहे. शहरात दिशा बदलली, एवढेच. जिथे कचरा, चिमणी आणि नाला, तिथे आपण.

मुंबईतले देवनार घ्या. शहराचा कचरा तिथे १९२७ पासून पडतो. त्याच साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. कचऱ्याच्या डोंगराभोवती गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. राहणारे बहुतेक मुसलमान, दलित, पोटासाठी शहरात आलेले. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा बोंब झाली, कारण धूर दूरच्या सोसायट्यांपर्यंत गेला. एरवी तो आपलाच असतो.

दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण आत खोलवर जातात, नलिका आकसतात, छाती घरघरू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपले सरकारी मानक ४० आहे. म्हणजे सरकारी मानकात बसणारी हवासुद्धा त्या मर्यादेच्या आठपट घाण असू शकते.

डॉक्टर सांगतात, धुरापासून लांब राहा, खिडक्या लावून घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, खिडकी एकच. आणि ज्याची रोजीच झाडू मारण्यात, कचरा वेचण्यात आहे, त्याने धुळीपासून लांब कुठे जायचे? दम्याचे दोन पंप असतात. एक दम लागल्यावर तात्पुरता आराम देतो. दुसरा सूज कमी ठेवतो, तो बरे वाटत असतानाही रोज घ्यायचा असतो. वस्तीत पहिलाच विकत घेतला जातो. दुसरा महाग पडतो, शिवाय ‘पंपाची सवय लागते’ ही भीती. पोरीचा पंप तर लग्न मोडेल म्हणून लपवतात! यात आपलीही चूक आहे, ती कबूल करू.

माहुलचे उदाहरण आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून माणसे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकली. त्याला नाव पुनर्वसन. लोक भांडले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. शुद्ध हवा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. कायदा आपल्या बाजूने आहे. आपण तो वापरत नाही, कारण आपल्या अजेंड्यावर पुतळा येतो, आरक्षण येते, फुप्फुस येत नाही.

दरवर्षी २० मार्चला आपण पाण्याचा हक्क आठवतो. येत्या २० मार्चला प्रत्येक शाखेने वस्तीतल्या दमेकऱ्यांची यादी घेऊन वॉर्ड ऑफिसवर जावे. मागण्या दोनच: महापालिकेच्या दवाखान्यात रोजचा पंप फुकट, आणि हवा मोजायचे यंत्र आपल्या वस्तीत. विमानतळावर नको.