इंत्रूज कठड्याच्या आत की बाहेर?

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी कचेरीतून सुटलो की रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडे रचून ठेवलेले दिसतात. ते दिसले की पणजीकर ओळखतो, उद्या आपला रस्ता आपला नाही. शनिवारी दुपारनंतर त्या कठड्यांना पोट टेकवून माणसं उभी राहतात आणि पलीकडून किंग मोमोची स्वारी जाते. ‘खा, पिये आनी मजा कर’ हे त्याचं फर्मान. मला दरवर्षी वाटतं, हे फर्मान कठड्याच्या आतल्यांना आहे की बाहेरच्यांना?

आमच्या मराठी वर्तुळात कार्निव्हलवर बोलायचं तर दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘ते त्यांचं आहे, आपल्याला काय!’ आणि दुसरा, ‘सगळा धिंगाणा, पोर्तुगिजांची घाण.’ दोन्ही मला पटत नाहीत. माझी तक्रार वेगळीच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. ख्रिस्ती पंचांगात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याआधीचे हे मौजेचे दिवस. आपल्याकडे त्यांना इंत्रूज म्हणतात. पोर्तुगीज ‘एंत्रूदो’वरून हा शब्द आला आणि त्याच्या मुळाशी ‘प्रवेश’ हा अर्थ आहे, म्हणजे उपवासकाळात प्रवेश. मांसाहार सुटण्याआधी जिभेचे चोचले पुरवून घ्यायचे. श्रावण लागण्याआधी आपणही तेच करतो, नाही का?

जुना इंत्रूज बघायचा नव्हता, खेळायचा होता. पीठ किंवा खडूची पूड भरलेल्या कागदी पुड्या, त्यांना कोकोत म्हणत, एकमेकांवर फेकायच्या. पिचकाऱ्यांनी पाणी उडवायचं. तोंडवळा झाकून ओळखीच्यांच्या घरात वाजतगाजत घुसायचं आणि यजमानालाही नाचायला लावायचं. पणजीतले क्लब नाचांनी गजबजायचे. सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. अंगावर अंडं फुटलं की हसायला कोणालाच येत नाही, आणि अशा गर्दीत बायाबापड्यांना त्रास होतच असणार. पण त्यात बघे कमी आणि खेळणारे जास्त होते.

मुक्तीनंतर 1965 मध्ये पणजीत हा उत्सव नव्या रूपात रस्त्यावर आला. तिमोतेओ फर्नांडिस यांचं नाव त्या पुनरुज्जीवनाशी जोडलेलं आहे. चित्ररथ आले, किंग मोमो आला. पुढे पर्यटन खात्याने त्यात लक्ष घातलं, बक्षिसं आली, प्रायोजक आले. पणजीनंतर मडगाव, वास्को, म्हापसा असा मोमोचा दौरा ठरून गेला. काही वर्षं पणजीची मिरवणूक शहराच्या मध्यातून उचलून मिरामार–दोना पावला रस्त्यावरही नेली होती. वाहतुकीच्या दृष्टीने ते सोयीचं असेल, पण शहराचा सण शहराबाहेर नेण्यातली विसंगती कोणाला फारशी खटकली नाही.

लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी मिरवणूक बघितली आहे. चित्ररथावरच्या एका माणसाने माझ्या तोंडावर मूठभर रंगीत कागदाचे तुकडे उधळले होते. घरी आल्यावर आईने कानातून ते वेचून काढले. आजही चांगले चित्ररथ येतात. पोदेर, रेंदेर, मासेमारी करणारी माणसं त्यांवर दिसतात. मधूनच पर्यावरणाचा, कधी राजकारणाला चिमटा काढणारा एखादा रथ येतो. पण त्यांच्यामध्ये जाहिरातीचे इतके फलक घुसतात की चिमटा बसेपर्यंत रथ पुढे गेलेला असतो. संध्याकाळी बागेत ‘सांबा स्क्वेअर’ भरतो. सांबा ब्राझीलचा. ज्या भूमीत मांडो, दुलपद आणि देखणी आहेत, तिला सांबा उसना का आणावा लागतो? पाहुण्याच्या डोक्यात कार्निव्हलचं जे चित्र आहे, ते आपण त्याला भरवतो, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द चर्चनेही हा आमचा धार्मिक सण नव्हे, असं वारंवार सांगून अंतर राखलं आहे. मग हा सण उरला कोणाचा?

याचं उत्तर मला सासष्टीतल्या एका गावात मिळालं. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने ‘पणजीक कितें पळयता, आमगेर यो’ म्हणून ओढून नेलं. एका घराच्या अंगणात खेळ चालला होता. मंच नाही, पडदा नाही. ट्रंपेट, ढोल आणि गोलाकार उभे गावकरी. कार्निव्हलच्या दिवसांत अशी मंडळी अंगणाअंगणांतून खेळ करत फिरतात. त्यांना जमनीवयले खेळ म्हणतात. गावच्या पंचापासून मंत्र्यापर्यंत कोणालाच ते सोडत नाहीत. मध्येच एका नटाला कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून ‘सरकारी बाबू’ असं सांगितलं. झालं! पुढची दोन-तीन मिनिटं माझी फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि अख्खं अंगण हसत होतं. मी ओशाळलो, मग मीही हसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कार्निव्हलच्या आत होतो.

असे इंत्रूज अजून बरेच आहेत. दिवाडी बेटावर घंटा बांधून, मुखवटे घालून पोटेकार पोरांना घाबरवतात. चांदरला, कदंबांच्या जुन्या राजधानीत, ख्रिस्ती गावकरी याच दिवसांत मुसळ खेळ खेळतात. हातात मुसळं आणि आठवण जुन्या विजयाची. ‘ते त्यांचं’ म्हणणाऱ्यांनी हा नाच एकदा बघावा आणि मग त्यांचं-आपलं याची रेघ कुठे ओढायची ते मला सांगावं.

आणि आपण तरी वेगळे काय आहोत? काही आठवड्यांनी तेच कठडे शिगम्यासाठी बाहेर निघतात. गावच्या मांडावर नमन घालून सुरू होणारं रोमटामेळ शहरात बक्षिसाच्या यादीतला एक क्रमांक होतं. मांडावर प्रेक्षक नसतो, तिथे सगळे मेळातलेच. जे इंत्रूजाचं झालं ते शिगम्याचंही होतं आहे, म्हणून ‘आपल्याला काय’ म्हणून चालणार नाही.

मिरवणूक बंद करा असं मी म्हणत नाही. हजारो माणसांच्या गर्दीत कठडे लागतातच, हेही कळतं. मागणं लहान आहे. शेवटचा रथ गेल्यावर दोन तास कठडे बाजूला करा, रस्ता लोकांच्या पायांना द्या. आणि बक्षिसांच्या पैशांतला थोडा वाटा सांतिनेज, फोंताइन्यशच्या अंगणांत खेळ आणायला वापरा. तियात्र अकादमीसारख्या संस्था या खेळांना हात देतातच, शहराने फक्त जागा द्यायची आहे.

तिथे सरकारी बाबूची टिंगल होईल, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. मी पहिल्या रांगेत उभा राहीन.