सुकटीच्या वासाची लाज कशाला?

आईच्या हातची नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी आठवली की आजही तोंडाला पाणी सुटतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की अलिबाग-मुरुडकडच्या आपल्या घरांत हाच आधार. आई जवळा तव्यावर भाजायची, त्यात कांदा, मिरची आणि कैरीच्या फोडी घालायची.

आता वस्तीत ऐकते, "वास येतो, शेजारी काय म्हणतील?" म्हणून सुकट बंद आणि पोरांच्या हातात बिस्किटांचा पुडा. हे मला पटत नाही.

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. जवळ्यातून प्रथिनं मिळतात. जेवताना लिंबू पिळलं तर भाकरीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायलात तर कमी लागतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मात्र खारवलेली मासळी कमीच खावी, तीही भिजवून, धुऊन.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाची नोंद केली. आपल्या किनाऱ्यावरच्या आयांचं रांधणं कोण लिहिणार? ताईंनो, आजीला विचारा, वहीत उतरवा आणि मुलांना वाढा. लाज वासाची नको, उपाशी हाडांची काळजी हवी.