रुळांवरची विक्रोळी

१४ जून २०२५ रोजी, शनिवारी दुपारी, विक्रोळीचा उड्डाणपूल वाहनांसाठी खुला झाला. मांडव नव्हता, फीत नव्हती. उद्घाटनासाठी ताटकळत न ठेवता पूल सुरू करा, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीच सांगितलं होतं आणि ते योग्यच झालं. लांबी ६१५ मीटर, रुंदी १२ मीटर. एवढ्या पुलासाठी विक्रोळीकरांनी दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. तोवर खर्चही शंभर कोटींच्या पुढे गेला.

या पुलाचं मोल नकाशा पाहिल्यावर कळतं. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या वर डोंगरउतारावर चढलेली पार्कसाइट, सूर्यनगरची वस्ती. पूर्वेला टागोर नगर, कन्नमवार नगर आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. मधोमध मध्य रेल्वेचे रूळ. फाटक बंद झाल्यापासून पायी माणूस स्टेशनचा जिना चढून पलीकडे जायचा. रिक्षाला मात्र एक तर घाटकोपर गाठायचं, नाहीतर कांजूरच्या बाजूने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा वळसा घ्यायचा. चालत जाता येईल एवढ्या अंतरासाठी सिग्नलमागून सिग्नल आणि मीटरवर पळणारे पैसे. सोबत म्हातारं माणूस असलं, पाऊस लागलेला असला, तर जिनाही नको आणि वळसाही परवडत नाही, अशी कोंडी व्हायची. त्यात कन्नमवार नगरातल्या महात्मा जोतिबा फुले रुग्णालयाची जुनी इमारत धोकादायक ठरून बंद करावी लागली. मग पेशंटला घेऊन घाटकोपरचं राजावाडी गाठायचं. अशा वेळी पुलामुळे वाचलेली मिनिटं फार मोठी असतात.

विक्रोळीने देशासाठी काय केलं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये इथली विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली आणि कारखाने उभे राहिले. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या याच कारखान्यातून गेल्या. पोलादी पेटी, कुलूप आतल्या आत बसवलेलं. बाहेर वेगळं कुलूप लावायची गरज नाही. साधी, भक्कम आणि स्वस्त. १९५५ मध्ये गोदरेजचा देशी टाइपरायटर आला. कारखान्यांच्या मागे खाडीकाठी तिवरांचं जंगलही टिकलं आणि भरतीचं पाणी अडवत ते आजही उभं आहे.

आता याच जमिनीखालून बुलेट ट्रेन जाणार आहे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. त्यासाठी विक्रोळीत अवाढव्य खड्डा खणला गेला. जमिनीचा वाद उच्च न्यायालयात गेला होता; फेब्रुवारी २०२३ मध्ये गोदरेजची याचिका फेटाळली गेली. गाडीचं स्टेशन मात्र विक्रोळीत नाही. तिकडे पूर्व द्रुतगती महामार्गावरही घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्यापर्यंत उन्नत रस्ता आखलेला आहे. ज्या झाडांच्या गुलाबी बहरासाठी लोक उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या थांबवतात, ती वसंतराणीची झाडं याच महामार्गालगत आहेत. एकही न तोडता रस्ता होत असेल, तर तसाच व्हायला हवा.

मोठ्या प्रकल्पांना विरोध करायचं कारण नाही. पण १८ जुलै २०२१ च्या पहाटे सूर्यनगरात डोंगराची माती घरांवर आली आणि झोपेतली माणसं गेली. त्या उताराला संरक्षक भिंत आणि तिथल्या कुटुंबांना सुरक्षित जागी पक्की घरं, हाही विकासच आहे आणि त्याचा नंबर आधी लागायला हवा.

मेट्रो ४ चा मार्ग पश्चिमेच्या शास्त्री मार्गावरून जातो. गोदरेज कंपनी, विक्रोळी, सूर्यनगर ही तिची स्थानकं. टागोर नगर आणि कन्नमवार नगरातल्या हजारो घरांसाठी ती रुळांच्या पलीकडे पडतात. आता पूल आहे. कन्नमवार नगरातून निघून पुलावरून पार्कसाइटला जाणारी, अरुंद रस्त्यांत वळेल अशी बेस्टची छोटी बस, दर दहा मिनिटांनी आणि रात्री शेवटच्या लोकलपर्यंत, एवढी सोय मेट्रोच्या आधी व्हायला हवी. तिला ना बोगदा लागतो, ना न्यायालयाचा निकाल.