परस आणि रान वेगळं नाही



गौरी-गणपती झाले. ऋषीपंचमीच्या आदल्या दिवशी बाजारात ऋषीच्या भाजीचे वाटे मांडले होते. अळूची चार पानं, माठाची जुडी, लाल भोपळ्याची फोड, पडवळाचा तुकडा, दोन दोडकी, अर्धं मक्याचं कणीस. घेणाऱ्यांत निम्मी माणसं शेतकऱ्याच्याच घरातली होती.

आता रीत काय आहे बघा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लावता, हातानं टोकून, हातानं पाणी घालून पिकवलेलं खायचं. ते कुठं पिकणार? परसात. म्हणजे घरामागं परस असणारच, हे धरून ही रीत चालत होती. आज पाच एकर ऊस-सोयाबीन असलेला माणूस पडवळाचा तुकडा विकत आणतो, आणि त्यावर काय मारलंय हे त्याला ठाऊक नसतं. बाजारात विकायची भाजी वेगळी आणि घरच्यासाठी न फवारलेल्या दोन ओळी वेगळ्या, हे आपल्यातले किती तरी जण करतात. तोंडानं कुणी बोलत नाही, एवढंच.

परसाचे खरे दिवस हेच, भाद्रपद-आश्विनाचे. आमचा परस जेमतेम अर्धा गुंठा. पाणी न्हाणीचं, खत गोठ्यातलं. मांडवावर दोडका, दुधी, पडवळ, कुंपणावर घेवडा आणि वाल, खाली अळू, कडेला झेंडू, तेरडा, गुलबाक्षी. रोज पाटीभर निघतं. शेजारी दोन घरं देऊनही उरतं. पण आज मला भाजीपेक्षा त्या वेलांवर काय येतं त्याबद्दल लिहायचंय.

काकडी आणि लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. या वेलांना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागं बारीकसं फळ असतं, ते बघून ओळखायचं. नराचा पराग मादीवर पोचवायला एवढेच चार तास, आणि पोचवणारी मधमाशी. माशी कमी आली तर फळ एका बाजूनं फुगतं, वाकडं होतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि आणखी एक पोतं ओततो.

दोडका, दुधी आणि पडवळाचं उलटं. त्यांची फुलं दिवस मावळायला उमलतात. तिथं रात्रीचे पतंग काम करतात. वांगी-टोमॅटोची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांचा पराग फुलाच्या नळीत कोंडलेला असतो, तो हलवून बाहेर काढावा लागतो. मोठा काळा भुंगा आणि पोटावर निळे पट्टे असलेली ती चपळ माशी फुलाला लटकून अंग थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत नाहीतर उघड्या जमिनीत भोक पाडून राहते. आपण भिंती सिमेंटच्या केल्या, अंगणात फरशी घातली. तिनं जायचं कुठं?

माझं म्हणणं इथंच आहे. परस आणि रान आपण दोन केलेत, माशीला ते एकच आहे. बांध कुणाचा, गट नंबर कुठला, हे ती विचारत नाही. परसात फवारा मारला नाही म्हणून ती वाचत नाही. सकाळी नऊ वाजता शेजारच्या रानात पाठीवरचा पंप सुरू झाला की तिचा धंदा बसला. त्यात बांधावर तणनाशक. भाद्रपदात बांधावर तेरडा, कुर्डू, टाकळा, एकदांडी फुललेली असते. पाऊस सरला की माशीचं पोट त्यावरच असतं. बांध जाळून लाल केला की गडी म्हणतो, रान कसं स्वच्छ दिसतंय. आणि कांद्याचं बी धरणारे, डाळिंबवाले, तेच पुढं मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात. फुकट येणारी माशी मारायची आणि भाड्याची आणायची, हा हिशोब मला तरी जमत नाही.

कुणी म्हणतं, परस केला की घराजवळ साप येतो. येतो, ते खोटं नाही. पण साप भाजीला येत नाही, उंदराला येतो. सरपण, विटा, गवताचा ढीग घराला लागून ठेवू नका, वेल मांडवावर चढवा, खालची जागा मोकळी राखा, अंधारात बॅटरीशिवाय जाऊ नका. कुणी म्हणतं, हे बायकांचं काम. तर मग घरातल्या बायकांना विचारा, बी कुणी सांभाळलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याची गावरान बियाणी जपली, आणि सरकारनं 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर केली. ते काम परसातूनच उभं राहिलं.

किडीचं काय, हा प्रश्न येणारच. कीड येते. मावा आला तर दोन दिवस थांबून बघा, ठिपक्याठिपक्यांचा लाल ढालकिडा आणि त्याची अळी मागोमाग येते. जास्तच झालं तर 5 टक्के निंबोळी अर्क मारा, तोही फुलावर माशी नसताना. फळमाशी लागली तर डागी फळं तिथंच टाकू नका, खोल पुरा, आणि क्यू-ल्यूरचा सापळा टांगा. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असली तर तिला सोडून द्या. ते फुलपाखरू आहे. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच जातीवर वाढते. मोठ्या झाडाची चार पानं गेली म्हणून झाड मरत नाही.

माझं मागणं मोठं नाही. अर्धा गुंठा परस धरा. बांधाच्या दोन्ही कडांना हातभर पट्टा फुलायला सोडा, तण जास्त झालं तर विळ्यानं कापा. रानात फवारायचंच असेल तर माशा घरी गेल्यावर, दिवस कलल्यावर फवारा. आणि परसाच्या शेजारी रान असेल तर दोडका-दुधीच्या बाजूची चार तास सोडून द्या, तिथं रात्रपाळी असते. कृषी खात्यातली मंडळीही हे वाचतात. शेतीशाळेत औषधाची मात्रा सांगता, तसं फवारणी कुठल्या वेळी करायची नाही तेही तेवढ्याच जोरात सांगा.

या आठवड्यात एक काम करा. सकाळी सातला काकडीच्या नाहीतर भोपळ्याच्या वेलाजवळ दहा मिनिटं उभं राहा आणि माशा मोजा. आकडा इथं लिहा, शेजारी कुठलं पीक आहे आणि शेवटची फवारणी कधी झाली तेही लिहा. गावागावांचे आकडे शेजारी ठेवले की कुणाचा बांध काय करतोय ते आपल्यालाच कळेल.