बीजगणिताला घाई कसली?

मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत एक विषय निघाला आणि बटाटेवडे गार झाले तरी संपला नाही. रविवारच्या मराठी शाळेनंतर हॉल आपल्याकडे आणखी पाऊण तास असतो. भाडे आपण भरतोच. त्या वेळात मुलांकडून बीजगणिताचा सराव करून घ्यावा, असे आम्ही सुचवले होते. त्यावर दोन प्रकारचे आक्षेप आले. काही जण म्हणाले, "मराठी शाळेत मराठी शिकवा, गणिताला क्लास कमी आहेत का?" दुसरे म्हणाले, "करायचंच तर नीट करा. घड्याळ लावा, पेपर द्या, नंबर काढा. सातवीत अल्जिब्रा मिळाला पाहिजे." सभेत आम्हाला धड उत्तर देता आले नाही. घरी परतताना गाडीत सगळी उत्तरे सुचली. ती इथे मांडतो आहोत.

आधी घरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयात आम्ही शहाणे झालो ते चूक करून.

गेल्या हिवाळ्यात आमची कन्या सहावीत होती. वसंतात तिच्या शाळेची परीक्षा होती. त्या परीक्षेवरून कोणाला सातवीत बीजगणित आणि कोणाला नंतर, हे ठरते. आम्ही रसायनशास्त्राचे डॉक्टर, म्हणजे आमच्या घरी हा प्रश्नच नको, अशी आमची समजूत. रोज रात्री जेवणानंतर चाळीस समीकरणांचा कागद आणि वीस मिनिटे. दोन महिन्यांत पोरगी इतकी वेगवान झाली की २क्ष + ५ = १७ दिसले रे दिसले की ६ लिहून मोकळी. आम्ही खूश होतो. फोनवर दोन-चार ठिकाणी सांगूनही झाले.

मग एका रात्री कागदावर इंग्रजीत एक वाक्य आले, "थ्री लेस दॅन अ नंबर इज टेन." तिने लिहिले ३ − क्ष = १०. उत्तर काढले उणे ७ आणि पुढच्या गणिताकडे वळली. आमचा आवाज चढला. "एवढं साधं कळत नाही?" ती हळूच म्हणाली, "बाबा, पण लिहिलंय तसंच ना. थ्री, मग लेस, मग नंबर." आणि खरेच, लिहिले तसेच होते.

त्या वेळी आजी सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झालेल्या, हिशेबाला पक्क्या. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, मराठीत म्हणून बघ. कुठल्या तरी संख्येपेक्षा तीनने कमी म्हणजे दहा." पोरीने ऐकता ऐकता लिहिले, क्ष − ३ = १०. आणि आम्हाला न विचारता खाली १३ लिहिले. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर इथे आहे. मराठीत वाक्याची जी ठेवण आहे, ती पुष्कळदा बीजगणिताच्या ठेवणीशी जुळते. "संख्येपेक्षा तीनने कमी" यात संख्या आधी येते, तीन नंतर. "संख्येतून पाच वजा" यातही तेच. १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग गणित शिकवणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक वाक्य दिले गेले, या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, याचे समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त मुले चुकली. बहुतेकांनी ६वि = प्रा असे लिहिले, म्हणजे प्राध्यापकच सहापट करून ठेवले! या चुकीमागे इतरही कारणे आहेत, पण इंग्रजी शब्दांचा क्रम हे त्यातले एक. इंग्रजी वाक्यात "सिक्स" आणि "स्टुडंट्स" जवळजवळ बसतात. मराठीत मात्र "प्राध्यापकांच्या सहापट" असे एका दमात म्हणावे लागते. सहा कोणाला चिकटवायचा हे वाक्यच सांगते.

यावरून मराठी श्रेष्ठ आणि इंग्रजी कनिष्ठ असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा इंग्रजीतच असते आणि असणार. आमचे म्हणणे एवढेच की ज्या मुलाला एक वाक्य दोन भाषांत म्हणता येते, त्याला ते तपासायला दुसरी वाट असते. ही वाट आपण आपल्या मुलांना फुकट देऊ शकतो आणि देत नाही.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात "बीजगणित" लिहिले आणि अज्ञात संख्येला यावत्-तावत्, म्हणजे जितके असेल तितके, म्हटले हे गणेशोत्सवाच्या भाषणात आपण ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. वाजवाव्यात. पण त्या टाळ्यांनी आपल्या मुलाचे एकही समीकरण सुटत नाही. आजींच्या एका वाक्याने सुटले.

आता दुसरा आक्षेप, घड्याळाचा. सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. पेटी शिकणारा रोज सूर धरतो, तसा हात रोज बसला पाहिजे. पण सराव कशाचा? नुसते समीकरण सोडवायचेच असेल तर ते आता फोनसुद्धा करतो. कागदाचा फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर येते. फोनला जे येते त्यात मुलाला फोनपेक्षा वेगवान करून आपण काय मिळवणार? सराव हवा तो वाक्यावरून समीकरण मांडण्याचा, आणि उत्तर आल्यावर ते पुन्हा वाक्यात घालून बघण्याचा. आम्ही तीन रविवार चार घरांतली मुले घेऊन करून पाहिले, त्यातली तीन उदाहरणे देतो.

पहिले क्रमिकेचे. १९, २९, ३९, ४९ असे मुलांना मोठ्याने म्हणायला सांगितले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. इंग्रजीत ट्वेंटी-नाइन म्हणजे वीस अधिक नऊ. मराठीत एकोणतीस म्हणजे तीसला एक उणे. मग विचारले, न क्रमांकाचे पद लिहा. इंग्रजी कानाने लिहिले १०न + ९. मराठी कानाने लिहिले १०(न + १) − १. दोघांत भांडण, खरे कोणाचे? कंस सोडवला तर १०न + १० − १, म्हणजे १०न + ९. दोन्ही बैजिक राशी एकच. "सारखेपणाचे चिन्ह" म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम नव्हे, दोन्ही बाजू एकच आहेत असे ते विधान आहे, हे त्या दिवशी मुलांना पटले. एक मुलगी शेवटी म्हणाली, "मग ९९ ला एकोणशंभर का नाही म्हणत?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण असा प्रश्न चाळीस गणितांच्या कागदातून कधी आला नसता.

दुसरे आमच्या धंद्यातले. हिरवी द्राक्षे म्हणजे कार्बन, काळी म्हणजे हायड्रोजन, आणि जोडायला टूथपिक. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. एक कार्बन असेल तर हायड्रोजन ४, तो मिथेन. दोन असतील तर ६, इथेन. तीन असतील तर ८, प्रोपेन, म्हणजे अंगणातल्या बार्बेक्यूच्या टाकीतला. मग १०, ब्युटेन. क्रमिका ४, ६, ८, १०. न कार्बनांच्या सरळ साखळीला किती? २न + २. हे पाठ करायचे नाही, बघायचे. प्रत्येक हिरव्या द्राक्षाला वर एक आणि खाली एक, म्हणून २न. साखळीच्या दोन टोकांना एकेक, म्हणून अधिक २. सूत्रातला प्रत्येक आकडा टेबलावर दिसतो. मग उलटा प्रश्न, हायड्रोजन १८ असतील तर कार्बन किती? २न + २ = १८, न = ८. हा पेट्रोलच्या पंपावर ज्याचे नाव वाचतो तो ऑक्टेन. आणि हायड्रोजन २५ असतील तर? उत्तर आले साडेअकरा. एका मुलाने द्राक्ष चावून अर्धे केले. हसून झाल्यावर सगळ्यांना कळले की समीकरण सुटले तरी उत्तर खरे असेलच असे नाही.

तिसरे फलनाचे. भारतातून फोन येतो, "काय रे, थंडी किती?" आपल्या भिंतीवर फॅरनहाइट, त्यांच्या डोक्यात सेल्सिअस. नियम असा, फॅ = १.८ सें + ३२. एक आकडा आत घाला, एकच आकडा बाहेर येतो. फलन म्हणजे एवढेच. पण आपण सगळे "दुप्पट करून तीस मिळवा" हा आडाखा वापरतो. तो कधी अचूक बरोबर येतो? २सें + ३० = १.८सें + ३२. सोडवले की सें = १०, दोन्हीकडे ५० फॅरनहाइट. शून्याला आडाखा दोनने कमी सांगतो, वीसला दोनने जास्त. मुलांनी दोन्ही रेषा एका कागदावर काढल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोट ठेवले. समीकरण आणि आलेख ही दोन प्रकरणे नाहीत, एकच गोष्ट आहे, हे त्या बोटाखाली होते.

या तिन्हींना मिळून तीन रविवार लागले. घड्याळवाल्यांना हे फार हळू वाटेल. त्यांच्यासाठी आमचीच आणखी एक फजिती सांगतो. डॉक्टरेट करत असताना आम्ही एक द्रावण दहापट पातळ करत होतो, लागोपाठ तीन वेळा. दर वेळी १ मिलिलिटर द्रावणात १० मिलिलिटर पाणी. सूत्र तोंडपाठ, हात वेगवान. पण १ आणि १० मिळून ११ होतात! पाणी ९ मिलिलिटर हवे होते. १०, १००, १००० अशी क्रमिका आम्ही वहीत लिहिली, आणि बाटलीत तयार झाली ११, १२१, १३३१. तिसऱ्या बाटलीत आम्ही समजत होतो त्याच्या पाऊणच माल होता. तीन आठवड्यांचे काम कचऱ्यात गेले. इंटिग्रेशन येणाऱ्या माणसाची ही बेरीज. आम्हाला वेग कमी पडला नव्हता. "दहापट" या शब्दाचा अर्थ काय, हे थांबून विचारायची सवय कमी पडली होती.

बीजगणित लवकर मिळावे या धडपडीला आम्ही हसत नाही. या देशात ते पुढच्या शिक्षणाचे दार आहे. नागरी हक्कांच्या चळवळीतले बॉब मोझेस यांनी १९८२ मध्ये अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला, तो बीजगणित हा नागरिकाचा हक्क आहे असे मानूनच. पण त्यांची रीत पाहा. केंब्रिजच्या मुलांना त्यांनी आधी भुयारी रेल्वेतून फिरवून आणले. स्टेशनांवरून पुढे किती आणि मागे किती, यावरून धन-ऋण संख्या शिकवल्या. आधी प्रवास, मग त्याबद्दल साध्या भाषेत बोलणे, आणि शेवटी चिन्हे. ज्यांच्या मुलांना ते दार बंद होते, त्यांच्यासाठी झटणाऱ्या माणसालाही चिन्हांची घाई नव्हती. दार उघडे असलेल्या आपल्याला कशाची आहे?

त्या परीक्षेचे काय झाले, असे वाचक विचारतील. कन्येला सातवीत बीजगणित मिळाले नाही. थोडक्यात हुकले. मंडळाच्या पिकनिकला कोणी विचारले तर आम्ही "अजून पत्र आलं नाही" असे सांगत होतो. पत्र दोन आठवडे फ्रिजवर लावलेले होते. ती शेजारीच उभी होती, तिने ऐकले. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?" न सुटलेल्या चाळीस गणितांपेक्षा हा एक प्रश्न अवघड होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही बराच वेळ गप्प होतो, आणि ते गप्प बसणे अजून सलते आहे. द्राक्षांचा रविवार त्यानंतरचा. त्या दिवशी लहान मुलांना २न + २ तिने समजावून सांगितले, आणि मराठीत.

तेव्हा प्रस्ताव असा. महिन्यातून एक रविवार, मराठी शाळेनंतर पाऊण तास. पाचवी ते आठवीची मुले, आणि सोबत घरातले एक मोठे माणूस. सोडून जाऊन दोन तासांनी न्यायला येणे चालणार नाही. गणित इंग्रजीत वाचायचे, मराठीत म्हणायचे, मग चिन्हांत लिहायचे. नंबर नाही, बक्षीस नाही, घड्याळ नाही. ज्यांना स्पर्धा हव्यात त्यांना त्या बाहेर भरपूर आहेत, त्यांनी जरूर जावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आग्रहाचे निमंत्रण. ज्यांना दीडकी-अडीचकी अजून पाठ आहे त्यांची तर फारच गरज आहे. बर्फ पडले तर वर्ग रद्द, फोनची वाट पाहू नये.

मदतीला तीन पालक हवे आहेत. गणिताची पदवी नको. चुकल्यावर मुलांसमोर "मी चुकलो" म्हणता आले पाहिजे, एवढीच अट. आम्हाला ती उशिरा जमली. पुढच्या सभेत नावे द्यावीत, आणि हे पटले नसेल तर तेही तिथेच सांगावे. वडे या वेळी सभेच्या आधी खाऊ.

कळावे, लोभ असावा.